इंदापूरचा प्रोसेसर आणि बारामतीचा बोर्ड

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू यादी करून आणलेली नव्हती. म्हैस, ट्रेलर, आईचं शिलाई मशीन, विहिरीवरची मोटर, सगळं सौद्यात आलेलं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या आठ भागांची यादी वहीच्या मधल्या पानावर लिहून मी जेवताना वाचून दाखवली, तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाकरी मोडता मोडता विचारलं, "ही यादी दुकानदाराला दावणार हायस व्हय?"

"मग? त्याशिवाय त्यो देणार कसं?"

"आपल्याला काय पायजे ते आधीच सांगितल्यावर सौदा कसला?"

तात्यांचं हे बोलणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. तात्यांच्या वाट्याला ऊस आला, पण हात मेंढरांचाच राहिला. पाठीवर हात ठेवून जनावराचं वजन सांगायचे आणि काटा लावला तर काटाच खजील व्हायचा. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं जनावर घ्यायला जाताना त्यांना सोबत न्यायची. त्यांचा चेहरा हा त्या कामातला मोठा गुण. समोरची गाय आवडली की नाही, हे त्या चेहऱ्यावरून गाईलाही कळत नसे.

माझं मात्र त्या दिवसांत सगळं त्या यादीवर अडलं होतं. मी पुण्यात एका ऑफिसात घरांचे नकाशे काढायचे. घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, त्याची चित्रंही कॉम्प्युटरवर करून द्यायचे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तीन महिने घरून काम करायची परवानगी काढून, ऑफिसचा लॅपटॉप घेऊन मी निमगाव केतकीला आमच्या वस्तीवर आले. आईचा गुडघा सुधारला आणि माझं डोकं बिघडलं. मला परत जावंसंच वाटेना. पुण्यात तिघींत एक खोली, आणि तिघी इतक्या समजूतदार की कुणी कुणाला काही बोलायचं नाही. इथं उठल्याबरोबर चहाच्या आधी कुणाशी तरी भांडता येत होतं. ह्या सुखाची मला सवय लागली.

ऑफिसच्या मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, घरून कर, माझी हरकत नाही, पण लॅपटॉप परत पाठव, तो दुसऱ्या मुलीला हवा आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता तुझ्या स्वतःच्या मशीनवर आपलं सॉफ्टवेअर चालताना मला दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर मंगळवारी तू पुण्यात तुझ्या खुर्चीवर.

एवढा दांडगा कॉम्प्युटर तयार घ्यायचा म्हटलं तर माझ्या आवाक्याबाहेर होता. सुटे भाग घेऊन घरी जोडला तर जमत होतं. जोडता येत होता का? नव्हता. पण ज्यांना येतो अशा माणसांचे व्हिडिओ मी तीन आठवडे बघत होते, आणि ती माणसं माझ्यापेक्षा फार हुशार वाटत नव्हती.

मी राहावं की जावं, ह्यावर तात्यांचं मत काही कळत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "तुझं तू बग." गाय बघतानाचा तोच चेहरा.

तर यादी. तीन आठवड्यांत मला एवढंच कळलं होतं की कॉम्प्युटरचे भाग चांगले असून भागत नाही, ते एकमेकांना चालावे लागतात. प्रोसेसर म्हणजे मेंदू, तो ज्या पाटावर बसतो तो बोर्ड. पण प्रत्येक मेंदू प्रत्येक पाटावर बसत नाही. बोर्ड ठरला की त्यावर कुठली रॅम चालेल ते ठरतं, सगळे मिळून वीज किती खातील त्यावर पॉवर सप्लाय ठरतो, आणि हे सगळं ज्या पेटीत जायचं तिचं माप वेगळंच. एक बदललं की खालचं सगळं बदलतं. मी पाच वेळा यादी केली आणि पाच वेळा फाडली.

तात्यांना हे समजावून सांगायला मी दोन पानं आकृत्या काढल्या होत्या. त्यांनी पहिल्याच पानावर मान हलवली. "पाच एचपीच्या मोटरला तीन एचपीचा स्टार्टर लावला की जळतोय. त्यातलंच हाय की." माझे तीन आठवडे त्यांनी एका घासात गिळले. मला रागच आला.

आईला आकृतीसुद्धा लागली नाही. ती म्हणाली, "ब्लाऊजपीस घ्यायला जाताना साडी सोबत न्यावी लागती. ध्यानातला रंग दुकानात गेला की फिरतोय. तुझ्याकडं आधी काय आलंय?"

आधी आला होता प्रोसेसर. माझ्यासोबत शिकलेली एक मैत्रीण इंदापुरात राहते. तिनं नवा घेतला आणि जुना, चांगला चालता, मला दिला. इंदापूरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून तिनं मला तो डबी उघडून दाखवला. बिस्किटाएवढा चौकोन, आणि खालच्या अंगाला हजारावर सोनेरी पिना, केसासारख्या. "ह्यातली एक जरी वाकली तर संपलं," ती म्हणाली. मी तो मांडीवर ठेवून, वर दोन्ही हात धरून निमगावपर्यंत आले. कंडक्टरनं तिकीट देताना दोनदा वाकून बघितलं. दागिना वाटला असावा. गर्दीतल्या एका बाईनं मला खिडकीकडची जागा दिली, ती त्या प्रोसेसरमुळेच.

"साडी आली ना मग," आई म्हणाली. "ती घिऊन जा बारामतीला."

"नको. एसटीत धक्का बसला न् पिना वाकल्या तर? माझ्याकडं यादी आहे. यादीत सगळं लिहिलंय."

"यादीत रंग दिसत न्हाय," आई म्हणाली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि प्रोसेसर कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी आणि तात्या बारामतीच्या एसटीत बसलो. पिंपळीच्या थांब्यावर मामा चढले. सौद्याला एकट्यानं जायचं नसतं, दुसरा माणूस लागतो. तात्यांचा दुसरा माणूस म्हणजे माझे मामा. तात्या भाव करायचे आणि मामा उठून जायचे. "चला दाजी, हितं काय खरं न्हाय," असं म्हणून ते अशा तोऱ्यात चालू लागत की विकणाऱ्याचा जीव खाली-वर व्हायचा. वीस-बावीस वर्षं दोघांनी ही जोडी चालवली होती. कडक इस्त्रीची टोपी घालून ते शेजारी बसले आणि म्हणाले, "काय घ्यायचंय ते मला सांगू नगंस. मला ठावं नसलं की उठायला सोपं जातंय."

दुकान बारामतीत एका गल्लीत होतं, काचेच्या दाराचं. दुकानदार तिशीतला, बोलायला मऊ. मी यादी पुढे केली. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर बाजारात पदर फाडलाय. तरी सुरुवात चांगली झाली. यादीतला पॉवर सप्लाय संपला होता, म्हणून दुकानदारानं दुसरे दोन काढून ठेवले आणि म्हणाला की दोन्ही सारखेच. तात्यांनी एक डाव्या हातात घेतला, एक उजव्या. डोळे मिटले. हात जरा वर-खाली केले.

"ह्यो पोकळ हाय," डावा खाली ठेवत ते म्हणाले. "अंगात काय न्हाय ह्येच्या. त्यो द्या."

दुकानदार हसला आणि म्हणाला, "तात्या, तुम्ही ह्या लाईनीतले दिसता." मी फोनवर दोन्हींची माहिती शोधली. डावा खरंच भिकार निघाला. चांगल्या पॉवर सप्लायचं वजन जास्त असतं, हे मी स्वतः वाचलेलं होतं आणि विसरले होते. मेंढरं राखलेला हात बरोबर निघाला. माझा तात्यांवर विश्वास बसला, आणि सगळी चूक तिथंच झाली.

कारण लगेच मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू आता जरा भाईर थांब."

"का?"

"गरज असणाऱ्यानं सौद्यात थांबू न्हाय. तोंडावर दिसतंय. तू त्या डब्याकडं बगत हुतीस, तवाच त्येनं भाव मनात वाढवला आसंल."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनीही मान हलवली. हा नियम जुना होता. म्हैस घ्यायला जाताना आईला कधी नेलं नाही ते ह्याचसाठी. आईच्या तोंडावर म्हशीआधी दूध दिसायचं. मी यादी तात्यांच्या हातात दिली, "लिहिलंय तेच घ्या" म्हटलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्या दुकानात त्या क्षणी कॉम्प्युटरमधलं कळणारी गिऱ्हाइकांपैकी मी एकटी होते आणि मीच बाहेर होते. हे मला तेव्हा विचित्रसुद्धा वाटलं नाही. आम्ही असंच करतो.

काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मामा एकदा उठून दारापर्यंत आले आणि परत गेले. दुसऱ्यांदा ते एवढ्या तावातावानं निघाले की थेट बाहेरच आले. दार मागं लागलं. आतून कुणी हाक मारेना. मामा माझ्या शेजारी पायरीवर बसले, टोपी नीट केली आणि हळूच म्हणाले, "आत काय चाललंय, बग बरं."

"तात्या एका मोठ्या डब्यावर हात ठेवून बोलतायत."

"हां," मामा म्हणाले. "मग आता मला बोलवत्याल."

त्यांना खरोखरच बोलावलं. थोड्या वेळानं तात्यांनी दुकानदाराचा हात हातात घेऊन हलवला, म्हणजे सौदा पटला. दोघं डबे घेऊन बाहेर आले. मामांच्या हातात कॉम्प्युटरच्या पेटीत लावायचा, फुकट मिळालेला एक पंखा होता, त्यात रंगीत दिवे लागायचे. "वर काय दितोस म्हणलं, तर ह्ये दिलं," ते म्हणाले. एसटीची वेळ झाली होती. मी डबे मोजले, आठाच्या ठिकाणी सात, आठवा घरी कपाटात. बरोबर. आम्ही पळालो.

संध्याकाळी आईनं ओसरीवर सतरंजी घातली. मी डबे उघडायला लागले. बोर्डाचा डबा उघडला आणि माझा हात थांबला. यादीतला बोर्ड तळहाताहून थोडा मोठा, हिरवट, साधा. आतला बोर्ड काळाभोर, चमकणारा, जेवणाच्या ताटाएवढा.

"तात्या, हा कुठला?"

तात्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा क्वचित येणारं समाधान होतं. "तुज्या यादीतला लई बारका हुता. त्याच भावात ह्यो घेतला. नव्या पिढीचा हाय."

"दुकानदार काही बोलला नाही?"

"बोलला की. ह्यो नगा घिऊ म्हणत हुता. ह्येला नवाच प्रोसेसर लागतोय म्हणं. तवाच वळिकलं म्या. इकणारा न्हाय म्हणतोय, म्हंजी माल चांगला हाय. त्येला सोडवत नव्हता."

"आणि प्रोसेसर कुठला आहे, हे विचारलं असंल ना त्यानं?"

"इचारलं. यादी म्या खिशातच ठिवली हुती, तुज्या मामांनी सांगितलं, चांगला हाय. इंदापूरचा हाय."

मी कपाटातून प्रोसेसर आणला. बोर्डाचं झाकण उचललं. प्रोसेसरच्या पोटाला पिना होत्या आणि त्या जायला भोकं हवी होती. बोर्डाच्या खोबणीत भोकं नव्हतीच. तिथंही पिनाच उभ्या होत्या. पिना वर, पिना खाली. मी तो वर धरून चारी बाजूंनी फिरवून बघितला, जणू फिरवला की भोकं पडणार होती. रॅमही बसेना. रॅमच्या पट्टीतली खाच एका ठिकाणी, बोर्डावरची दुसऱ्या.

आईनं बोर्डाकडे बघितलं, प्रोसेसरकडे बघितलं, आणि म्हणाली, "साडी सोबत न्यावी."

"उद्या सकाळी जाऊन बदलून आणू," मी म्हणाले. दुपारीच घेतलेला माल, डबा जसाच्या तसा, दुकानदार भला माणूस. मला त्यात काहीच अवघड वाटत नव्हतं.

"सौदा झाला," तात्या म्हणाले. "हात दिलाय. दिल्याला हात मागं घ्यायचा न्हाय."

आमच्या वस्तीवर हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मी लहान असताना तात्यांनी एक म्हैस आणली होती. दिसायला राणी. ती आचळाला हात लावू द्यायची नाही. आईनं मागचे पाय बांधले तर पुढच्यांनी लाथा मारायची. सगळ्यांनी सांगितलं, परत घाला. विकणाराही परत घ्यायला तयार होता, कारण त्याला तिचे गुण माहीत होते आणि मनात लाज होती. तात्या म्हणाले, पारखताना डोळे माझेच होते. ती म्हैस अकरा वर्षं आमच्या गोठ्यात राहिली. आम्ही शेजारून दूध आणून पीत होतो.

"म्हशीचं येगळं हुतं," आई म्हणाली. "ती दूध न्हाय तर न्हाय, श्याण तरी देत हुती. ह्येचं काय करायचं?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी तात्यांना नको ते बोलले. म्हणाले, तुमच्या सौद्यापायी माझी नोकरी घालवलीत. तुम्हाला मी घरात नकोच असेन, तर तसं सरळ सांगायचं होतं, यादी घेऊन सौद्याचं सोंग कशाला. तात्यांचा तोच चेहरा. उठून गोठ्याकडे गेले. मी तावातावानं बॅग काढली आणि पुण्याला न्यायचे कपडे भरायला लागले. आई दारात उभी राहून म्हणाली, "स्वेटर घे वर. तिकडं थंडी आसंल," आणि मला आणखीच राग आला.

शनिवारी सकाळी उठले तर तात्या घरात नव्हते. शेतात नव्हते. ओसरीवरचा मोठा बोर्ड डब्यासकट नव्हता, रॅमही नव्हती. मी कपाटाकडे पळाले. साड्यांच्या खालचा प्रोसेसरही नव्हता.

"आई, प्रोसेसर कुठाय?"

"न्हेलाय त्यांनी."

"हातात धरून? पिना वाकल्या तर?"

"माज्या डाळीच्या डब्यात घालून दिलाय. पातळ डबीसकट. वरनं कापूस लावलाय. तू नगंस काळजी करू, त्यात अंडी न्हेल्यात मी पिंपळीपत्तर." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुज्या मामाला न्हाय न्हेलं. एकलंच गेल्यात."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तात्या दुकानात एकटे.

दुपारी दोनच्या सुमारास ते आले. एका हातात पिशवी, दुसऱ्यात आईचा स्टीलचा डबा, छातीशी धरलेला. पिशवीत यादीतला तो हिरवट, साधा बोर्ड आणि तीच रॅम. डब्यात कापसात माझा प्रोसेसर. मी उलटा करून उजेडात धरला. पिना सरळ.

"दुकानदाराचाच फोन आलता सकाळी," चपला काढत तात्या म्हणाले. "चुकून दुसरा दिला म्हणाला. बदलून न्या म्हणाला. त्येनंच तुजा ह्यो लावून बगितला, बसतोय का. बसला."

"साडी मॅच झाली म्हणायची," आई म्हणाली.

मी तात्यांची माफी मागितली नाही. मागायला हवी होती. पण आमच्यात तसं तोंडानं मागत नाहीत, चहा करून देतात. मी चहा करून दिला.

रविवारी सकाळी ओसरीवर जोडणीला बसलो. तात्या वाटीत स्क्रू घेऊन बसले आणि मी मागेन तसा एकेक देत गेले. प्रोसेसर खोबणीत ठेवला तर आपल्या वजनानं आत बसला, ढकलावंही लागलं नाही. रॅम बसवायला मात्र जोर लावायचा धीर होईना. व्हिडिओतली माणसं म्हणायची दाबा, मी दाबत नव्हते. तात्यांनी वाटी खाली ठेवली, अंगठा ठेवला, दाबला. टक् आवाज झाला. मी डोळे मिटून घेतले. "मोडलं न्हाय," ते म्हणाले. "बसलं."

मामांचा रंगीत पंखासुद्धा लावला. नसता लावला तर त्यांनी पुढच्या लग्नात चारचौघांत विचारलं असतं.

अकरा वाजता सगळं जोडून झालं. आईनं पेटीला बाहेरून हळदीकुंकू लावलं, आत नाही लावायचं हे मी तिच्याकडून वचन घेतलं होतं. मी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. मी मागच्या वायरी हलवल्या. तीन आठवडे, पाच याद्या, इंदापूर, बारामती, बारामती. तात्या स्क्रूच्या रिकाम्या वाटीत बघत होते.

आईनं भिंतीवरच्या बटणांशेजारच्या विझलेल्या दिव्याकडे मान वळवून बघितलं. थंडीचे दिवस, घरातला पंखा बंदच, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. "लाईट गेलीया," ती म्हणाली.

लाईट पावणेएकला आली. तोवर आम्ही तिघं त्या पेटीभोवती बसून होतो, एकमेकांकडे न बघता. लाईट आली, मी बटण दाबलं आणि मामांचा पंखा आधी पेटला, निळा, तांबडा, हिरवा. मग पडद्यावर अक्षरं आली. मी मोठ्यानं ओरडले. तात्या म्हणाले, "चालू झालं म्हणायचं का ह्येला?" आणि हो म्हटल्यावर उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

संध्याकाळपर्यंत ऑफिसचं सॉफ्टवेअर घालून एक अख्खं घर फिरवून बघितलं. सगळं नीट चालत होतं. म्हटलं, त्या दुकानदाराचे आभार मानावेत. चूक आमची, आणि बिचाऱ्यानं आपणहून फोन करून बदलून दिलं. मी त्याला फोन लावला.

"मी कुठं फोन केला?" तो म्हणाला.

मग त्यानंच सांगितलं. शनिवारी तो दुकान उघडायला आला तेव्हा तात्या पायरीवर बसलेले होते. आत या म्हटलं तर येईनात. पुढची दोन गिऱ्हाइकं घ्या म्हणाले. दुकान रिकामं झाल्यावर आत आले, बोर्ड आणि आईचा डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, काल सौदा माझा होता, चूकही माझी आहे. मला ह्यातलं कळत नाही. हात दिलेला मागं घेत नाही, काय तडजोड होईल ती करा, तुम्ही म्हणाल तसं. पण पोरगी मंगळवारी जाती. ती घरी ऱ्हायला पायजे.

"भाव केलाच नाही त्यांनी," दुकानदार म्हणाला. "मी सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. मलाच कसंतरी झालं."

मी फोन ठेवला. ओसरीवर बसून मी रडले, चांगली हुंदके देऊन. आईनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलं. ती म्हणाली, दोन्ही डोळ्यांत?

सोमवारी दहा वाजता मॅडमनी पाहिलं. त्यांनी विचारलं, मागं रंगीत उजेड कसला आहे. मी म्हटलं, मामांचा आहे.

तात्यांना मी कधी सांगितलं नाही की मला ठाऊक आहे. मामांनाही कुणी सांगितलं नाही. ते अजून कुठल्याही कार्यात जेवणाच्या पंगतीत सांगतात की बारामतीत बारक्या बोर्डाच्या भावात केवढा मोठा बोर्ड उचलला. तात्या शेजारी बसून ऐकतात आणि भात वाढून घेतात.

ह्या वर्षी मला मोठं काम मिळालं आणि रॅमची आणखी एक पट्टी लागणार होती. मी तात्यांना म्हटलं, चला बारामतीला. आम्ही दोघंच गेलो. आईच्या सांगण्यावरून जुनी पट्टी डब्यात घालून सोबत घेतली. दुकानाशी आलो, मी काचेचं दार उघडलं, तर तात्या पायरीपाशीच थांबले.

"तू जा आत. मी हितंच बसतो."

"का? भाव कोण करणार?"

"तूच कर. गरज असणाऱ्यानं आत थांबू न्हाय. तोंडावर दिसतंय."

"अवो, पण गरज माझीय. काम माझं, पट्टी माझी."

"व्हय का?" तात्या म्हणाले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवून पायरीवर बसले.